कपाटात बंद दोन जिल्हे

हिशेब लिहिणारा माणूस हा समाजाच्या सचोटीचा शेवटचा पहारेकरी असतो.

वाक्य माझं नाही. नांदेडच्या परिषदेत मिळालेल्या कापडी पिशवीवर ते निळ्या अक्षरांत छापलेलं होतं. पिशवीच्या दुसऱ्या बाजूला टाइल्सच्या दुकानाची जाहिरात होती आणि आत एक पेन, एक वही आणि जेवणाचं कुपन. नंतर त्या कुपनावर गुलाबजाम एक की दोन यावरून शेवटच्या पहारेकऱ्यांची वाढप्यांशी बरीच वादावादी झाली.

मी लातुरात चौतीस वर्षं कर सल्लागार आहे. सीए नव्हे. सीए मोठ्यांचे, आमच्याकडे किराणा, कापड, बी-बियाणं, दाळमिल अशी मंडळी. त्यांच्या खरेदी-विक्रीच्या पावत्या आमच्याकडे कॅरीबॅगमधून येतात. एकजण कुकरच्या जुन्या डब्यातून आणायचा. त्या लावायच्या आणि महिन्याच्या महिन्याला सरकारच्या पोर्टलवर विवरणपत्र भरायचं, हा आमचा धंदा. पूर्वी विवरणपत्रावर दुकानदाराची सही लागायची. आता सहीच्या जागी सहा आकडे लागतात. नोंदणीत जो मोबाईल नंबर दिलेला असेल त्यावर ते येतात आणि दहा मिनिटांत शिळे होतात. ज्याच्या हातात मोबाईल, त्याची सही.

दुकानदार हे आकडे सांगत नाहीत. औशाच्या एका कापडवाल्याला मी पहिल्यांदा ओटीपी विचारला तेव्हा तो म्हणाला, "अप्पा, बँकेवाल्यानं सांगितलंय, सख्ख्या भावालाबी सांगू नका." मी म्हटलं, मी भाऊ नाही. तो म्हणाला, "मग तर न्हाईच." दुसरा कुणी लग्नात असतो, तिसऱ्याचा फोन सून माहेरी घेऊन गेलेली असते. शेवटी आम्ही एक सोपा उपाय काढला. सगळ्यांच्या नोंदणीत आमचाच नंबर टाकला. माझ्या एका नंबरावर दोनशे सत्तर दुकानं आहेत. हे नियमात बसत नाही, हे लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक कर सल्लागाराला ठाऊक आहे, आणि प्रत्येकाने तेच केलं आहे. त्या नंबरावर आणि त्याला जोडलेल्या ई-मेलवर सरकारच्या नोटिसाही येतात. इथून पुढची गोष्ट सुरू होते.

चाकूरच्या अलीकडे एका गावात महानंदाअक्कांची छोटी दाळमिल आहे. नवऱ्याला अर्धांगवायू झाला तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, त्या एकट्या ती चालवतात. अकरा बायका कामाला. गेल्या हिवाळ्यात कोकणातून बदलून आलेला एक नवा कर अधिकारी गिरणीची जागा बघायला गेला. फक्त कागदोपत्री असलेल्या कंपन्या शोधायची मोहीम चालू होती, त्यामुळे जाण्यात गैर काही नव्हतं. फक्त तो गेला येळवसच्या दिवशी.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडचा माणूस गावात नसतो. आंबील, भज्जी, उंडे असं जेवण डोक्यावर घेऊन सगळं गाव शेतात जातं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. बाजारपेठा बंद, रस्ते मोकळे. अधिकाऱ्याने गिरणीचं कुलूप पाहिलं. शेजारी विचारायला गेला, तर शेजाऱ्याचंही कुलूप. ग्रामपंचायतीचंही. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं: "दिलेल्या पत्त्यावर व्यवसाय अस्तित्वात आढळला नाही." गावही आढळलं नाही असं लिहिलं असतं तरी खोटं ठरलं नसतं.

त्यावरून नोटीस निघाली. नोंदणी रद्द का करू नये, सात कामकाजाच्या दिवसांत सांगा. नोंदणी गेली की बिल काढता येत नाही, आणि बिलाशिवाय ट्रक गिरणीबाहेर जात नाही. परत मिळवायला महिने लागतात. तुरीचा हंगाम नुकताच लागला होता. अक्कांचं वर्षभराचं जे काही असतं ते त्या तीन महिन्यांत असतं.

नोटीस अर्थातच माझ्या ई-मेलवर आली. दोनशे सत्तर दुकानांच्या मेलमध्ये ती चार दिवस पडून राहिली. पाचव्या दिवशी माझ्या कार्यालयातल्या सुनीताबाईंनी ती शोधून काढली. त्या अठरा वर्षं माझ्याकडे आहेत आणि माझ्या चुका मला मोठ्याने वाचून दाखवतात. "सर, चार तारखेचं हाय हे," एवढंच म्हणाल्या.

उत्तरात काय लिहायचं हे सोपं होतं; ते सिद्ध करणं अवघड. त्या दिवशी गावात कोणी नव्हतं असा ग्रामसेवकाचा दाखला हवा होता, आणि असा दाखला द्यायला गावात कोणीतरी हवं होतं. ग्रामसेवकाकडे तीन गावं. तो सापडेपर्यंत सातवा दिवस उजाडला. मी अधिकाऱ्याला फोन केला. माणूस सरळ होता. म्हणाला, "साडेचारपर्यंत उत्तर पोर्टलवर दिसलं तर मी आदेश काढत नाही. साडेचारला मी हे टेबल दुसऱ्याकडे सोपवतोय. शिल्लक काही ठेवायचं नाही असा निरोप आहे. न दिसलं तर रद्द करून मोकळा होईन."

आणि त्याच दिवशी नांदेडला दोन्ही जिल्ह्यांतल्या कर सल्लागारांची ती परिषद होती.

परिषद आम्ही मुद्दाम विवरणपत्राची मुदत संपल्यानंतर ठेवली होती. पण मुदतवाढ मागायची आम्हाला सवय आहे. दर वेळी पोर्टल बसतं, दर वेळी आम्ही निवेदन देतो, दर वेळी कोणी वाचत नाही. या वेळी वाचलं. मुदत दोन दिवसांनी वाढली आणि शेवटचा दिवस बरोबर परिषदेवर येऊन बसला. निवेदनावर पहिली सही परिषदेच्या अध्यक्षांची, गंगाधररावांची होती. दुसरी माझी.

"मंडप, जेवण, वक्ते, सगळ्यांचा इसार दिलाय अप्पा," गंगाधरराव फोनवर म्हणाले. "आता काय सरकारला म्हणायचं, मुदत परत घ्या?"

मी गेलो. दाखला अकरापर्यंत मिळेल, सुनीताबाई तो चढवतील, ओटीपी माझ्या खिशात येईल, मी सांगेन, असा हिशेब होता.

सकाळच्या सत्रात करविभागातल्या एक मोठ्या मॅडम बोलल्या. मोजकं आणि कामाचं बोलल्या, त्यामुळे मी सावध झालो. शेवटी त्यांनी विचारलं, "अशिलाच्या नोंदणीत स्वतःचा मोबाईल नंबर टाकणारे इथे किती आहेत? हात वर करा, मी नावं लिहून घेणार नाही."

अडीचशे माणसांच्या सभागृहात एकही हात वर झाला नाही. माझ्या शेजारी भोकरचे सलीमभाई बसले होते. ते छताकडे पंखे मोजू लागले. मी पिशवीवरचं वाक्य वाचू लागलो.

"छान," मॅडम म्हणाल्या आणि खाली बसल्या.

जेवणानंतर प्रेरणादायी वक्ते होते, पुण्याचे. विषय होता 'आकड्यांच्या पलीकडे'. दारातच दोन स्वयंसेवक लाल कापडाने झाकलेलं ताट घेऊन उभे होते. प्रत्येकाने आपला फोन, क्रमांक लावलेल्या थैलीत घालून, ताटात ठेवायचा. थैल्या रंगमंचाच्या बाजूला उभ्या असलेल्या लोखंडी कपाटात जाणार आणि कपाट साडेपाचला सगळ्यांच्या साक्षीने उघडणार. याला मोबाईलचा उपवास म्हणतात. किल्ली लाल फितीत ओवून वक्त्यांच्या गळ्यात घातली होती.

मला तिथेच म्हणता आलं असतं की माझा ओटीपी यायचा आहे. पण माझ्यापुढे रांगेत मॅडम होत्या. त्यांनी स्वतःचा फोन शांतपणे थैलीत घातला आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. कोणाचा ओटीपी, असं त्यांनी विचारलं असतं तर? मी फोन थैलीत घातला. थैली क्रमांक एकशे बारा. तेव्हा दोन वाजायला पाच मिनिटं होती आणि दाखला अजून आला नव्हता.

तीन वाजता मला बसवेना. मी लघवीला जातो असं सांगून बाहेर आलो. सभागृहामागे चहा करणारा होता, त्याचा फोन मागितला. दोनशे सत्तर गिऱ्हाइकांचे पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक मला झोपेत सांगता येतात. पाठ असलेला फोन नंबर मात्र एकच निघाला, माझ्या कार्यालयाचा, तोही दारावरच्या पाटीमुळे.

"सर, कुठं हाव?" सुनीताबाई म्हणाल्या. "दाखला पावणेतीनला आला. सगळं चढवलंय. फक्त ओटीपीचं बटन दाबायचं राहिलंय. दाबू का?"

"नको. दाबू नका."

"का?"

"फोन कपाटात आहे."

"कोणाच्या कपाटात?"

मी सांगितलं. मग अक्कांचा आवाज आला. दाखला घेऊन त्या स्वतः लातूरला आल्या होत्या.

"अप्पा, मी सकाळधरनं त्या ग्रामसेवकाच्या दारात बसले. आता तुमच्या हापिसात बसून राहिले. त्यो कागुद लागला का न्हाई?"

"लागतोय अक्का. थोडा वेळ."

"गिरनी बंद व्हईल म्हनं. ही बाई सांगू लागली."

"होणार नाही."

"ट्रक भरून उभा हाय. डायवर इचारू लागलाय, बिल कधी. बाया गेटापाशी बसल्यात. मी काय सांगू त्यास्नी?"

"चार वाजेपर्यंत सांगतो."

"हाव. मी उठत न्हाई मग इथून," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. नोटीस चार दिवस माझ्याकडे पडून होती, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. मला होतं.

मी गंगाधररावांना गाठलं. ते दाराशी स्टुलावर बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"घरी अडचण आहे," मी म्हटलं. "फोन हवाय."

"कोण आजारी आहे?"

"आई."

"अप्पा, तुमच्या आईच्या तेराव्याला मी जेवून गेलोय." त्यांनी खिशातला कागद काढला. "तुम्ही चौदावे. आतापर्यंत आठ आया, तीन सासरे, दोन बाळंतपणं. मराठवाड्यात एवढी रोगराई कधीच नव्हती. मी तरी काय करू? किल्ली त्यांच्या गळ्यात, माझा फोनपण आतच. माझी साठ विवरणपत्रं राहिलीत."

मी जागेवर परतलो. घड्याळात साडेतीन.

रंगमंचावर वक्ते डोळे मिटून उभे होते. "ही शांतता ऐका," ते म्हणाले. "किती दिवसांनी ऐकताय."

आम्ही ऐकली. शांततेत कपाट घुमत होतं. अडीचशे फोन थरथरत होते, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, आणि लोखंडी फळ्यांवरून तो आवाज वाढत सबंध सभागृहात पसरला होता. वक्त्यांनी डोळे उघडून वर एसीकडे पाहिलं. आम्ही कोणी एसीकडे पाहिलं नाही.

"अप्पा," सलीमभाई पुटपुटले, "उसमें मेरा पूरा भोकर है. चाळीस दुकानं."

"माझी एक गिरणी आहे. साडेचारला जाईल."

त्यांना मी दोन वाक्यांत सांगितलं. ते पुढच्या रांगेत बसलेल्या मॅडमच्या अंबाड्याकडे बघत राहिले. "मग सच बोल दो," म्हणाले. "दुसरा रस्ता न्हाई."

"तुम्ही बोला."

"माझी गिरणी न्हाई ना जाऊन राहिली."

पावणेचार झाले. चार वाजायला दहा मिनिटं उरली. वक्ते म्हणाले, आता एक प्रयोग करू. कोणीतरी एकाने मंचावर यायचं आणि ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते ती गोष्ट सर्वांसमोर सांगायची. सांगितली की ती संपते. असल्या वेळी आपल्याकडे सगळे बुटांच्या नाड्या बघतात, तसे बघू लागले. मी हात वर केला. माझा हात वर झाला आहे हे मला जरा उशिराच कळलं.

पायऱ्या चढताना कपाट माझ्या डाव्या हाताला होतं. माइक हातात आला.

"माझी भीती या कपाटात आहे," मी म्हटलं.

"वा," वक्ते म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. "किती सुंदर. आपण सगळेच—"

"तसं नाही साहेब. खरोखर आत आहे. एकशे बारा नंबरची थैली." मी सभागृहाकडे वळलो. मॅडमकडे न बघता बोलायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. "माझ्या दोनशे सत्तर गिऱ्हाइकांच्या नोंदणीत माझाच मोबाईल नंबर आहे. सकाळी मी हात वर केला नव्हता. एका बाईच्या गिरणीची नोटीस माझ्याकडे चार दिवस पडून राहिली, कारण ती तिच्याकडे गेलीच नाही. उत्तर तयार आहे. साडेचारच्या आत ओटीपी भरला नाही तर तिची नोंदणी रद्द होईल. कर अधिकारी येळवसच्या दिवशी गिरणी बघायला गेला होता."

शेवटच्या वाक्यावर लातूरकडचे पाच-पन्नास लोक हसले आणि लगेच गप्प झाले.

वक्त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आपण साडेपाचला उघडणार आहोत ना काका. दीड तास धीर धरणं, हाच तर आजचा धडा."

"साडेपाचला गिरणी नसेल," मी म्हटलं.

मॅडम उठल्या. त्यांना उठताना पाहून मागच्या दोन रांगा आपोआप उठल्या. त्या मंचापाशी आल्या आणि वर न चढताच म्हणाल्या, "येळवसला गेला होता?"

"हो मॅडम. गिरणीला कुलूप होतं."

"असणारच. माझं माहेर निलंग्याचं." त्यांनी वक्त्यांकडे हात पुढे केला. "किल्ली द्या."

वक्ते काहीतरी म्हणणार होते. मग त्यांनी मॅडमच्या हाताकडे पाहिलं आणि फीत गळ्यातून काढली.

कपाट उघडलं तेव्हा चार वाजून तेरा मिनिटं झाली होती. थैल्या थरथरून एकमेकींवर घसरल्या होत्या. क्रमवार काही उरलं नव्हतं. मी एकेक बाहेर काढू लागलो. माझ्या मागे आवाज झाला म्हणून वळून पाहिलं. सबंध सभागृह रांगेत उभं होतं. कोणी ढकलत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. गुलाबजामच्या वेळी ही शिस्त दिसली नव्हती.

एकशे बारा सगळ्यात खालच्या फळीवर सापडली. चार अठरा. मी सुनीताबाईंना फोन लावला. "दाबा."

आकडे आले. मी सांगितले. "चुकीचा म्हणतंय सर."

मी पुन्हा पाहिलं. पन्नासच्या वर संदेश साचले होते. दुपारभर माझी काही गिऱ्हाइकं स्वतःच खटपट करत होती आणि अजूनही करत होती. प्रत्येक संदेश सारखाच, कोणाच्या दुकानाचा हे कुठेच नाही. मी ज्याला अक्कांचा समजलो तो कोणत्या तरी किराणा दुकानाचा होता. "परत दाबा," मी म्हटलं. दोन संदेश एकदम आले. मी वरचा सांगितला.

"हाबी न्हाई."

"खालचा घ्या." मी आकडे सुटे सुटे सांगितले, टेलिफोनच्या जुन्या ऑपरेटरसारखे. सलीमभाई माझ्या घड्याळाकडे बघत होते, त्यांच्या हातात स्वतःचा फोन वाजत होता आणि ते तो घेत नव्हते. मॅडम दोन पावलांवर उभ्या होत्या.

"सर," सुनीताबाई म्हणाल्या. मग, "घेतलं. पावती आली. चार सव्वीस."

मी कपाटालाच टेकून उभा राहिलो. पलीकडून अक्का विचारत होत्या, "लागला का?" आणि सुनीताबाई सांगत होत्या, "लागला अक्का, चला आता, च्या घ्या."

मॅडमनी स्वतःचा फोन घेतला. "तीन महिने देते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे नंबर बदला. मग मी तपासीन." मी मान हलवली. माझ्या मागे रांगेतल्या बऱ्याच माना हलल्या.

दोन दिवसांनी आदेश आला. व्यवसाय दिलेल्या पत्त्यावर अस्तित्वात आहे असं शासनाला आढळलं होतं. अधिकाऱ्याने जाता जाता फोन केला आणि विचारलं, आंबील कशाची करतात. वक्त्यांचं म्हणाल तर सलीमभाईंनी नंतर त्यांना दुसऱ्या एका शहरात ऐकलं. तिथे ते लातूरच्या एका वृद्ध हिशेबनिसाची गोष्ट सांगतात, ज्याने मंचावर येऊन आपल्या भीतीवर मात केली. कपाटाचा उल्लेख त्यात नाही.

पुढच्या आठवड्यात मी चाकूरकडे गेलो. चार दिवसांचं अक्कांना सांगायला फोन पुरेसा वाटला नाही. त्या गिरणीच्या ओट्यावर बसून चाळणी झटकत होत्या. मी सांगितलं, माझी चूक होती. नोटीस तुमच्या फोनवर आली असती तर तुम्हाला त्याच दिवशी कळलं असतं. इथून पुढे तुमचाच नंबर टाकतो.

अक्कांनी चाळणी खाली ठेवली. "तुमच्याकडं चार दिस राहिलं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं आलं असतं तर चार म्हैने राहिलं असतं. मी कुठं बघत बसते त्यात."

"तरी नियम आहे."

"असू द्या की. नियमानं करा."

मी नियमाने केलं. महिन्याभरात अक्कांच्या नोंदणीत त्यांच्या नावाचं नवीन सिमकार्ड घातलेल्या मोबाईलचा नंबर लागला. मॅडमनी तपासला, बरोबर निघाला. तो मोबाईल सुनीताबाईंच्या टेबलाच्या दुसऱ्या कप्प्यात असतो, आणखी एकशे नव्वद मोबाईलांबरोबर. चार्जिंग आम्हीच करतो.